ऊस ट्रॉलीचं सील: खंडेनवमीच्या आधी हब उघडा

गाळप तोंडावर आलंय आणि बहुतेक ट्रॉल्या अजून पावसाळ्यात लावल्या तिथेच, चिखलात उभ्या आहेत. हब, म्हणजे चाकाचा मधला बेरिंगचा भाग, आत्ताच उघडा आणि त्यातलं सील, म्हणजे ग्रीस आत अन् पाणी बाहेर ठेवणारी रबरी ओठाची कडी, बघा. तोड सुरू झाली की गॅरेजवाल्याला वेळ नसतो आणि तुम्हालाही.

गेल्या हंगामात आमच्या रस्त्यावर भरलेली ट्रॉली रात्री बसली. हब उघडलं तर ग्रीस पाणी पिऊन पांढरट झालेलं, रोलर निळे पडलेले. बेरिंग नवंच होतं, सील उलटं बसवलेलं. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरेपर्यंत दोन दिवस गेले. तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जायला हवा. पुढे वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. भराईची मजुरी दुबार.

नेहमीची कामं:
- चाकांना उटी, जॅक, खाली ठोकळे
- जुनं ग्रीस डिझेलनं धुऊन सगळं कोरडं
- बेरिंग आणि कप (बेरिंग बसतं ती हबमधली कडी) तपासणी
- स्प्लिट पिन नवी

आता सील. काढलेलं सील चांगलं दिसलं तरी परत घालू नका. आतलं बेरिंग ग्रीस भरून आधी ठेवा, मगच सील. बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू आत, बेरिंगकडे. सीलच्या ओठाला (एक्सलला टेकणारी रबरी कड) बोटानं ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्याच खेपेत करपतो. हातोडी थेट मारू नका. सपाट लाकडी ठोकळा ठेवून चौफेर हलके ठोके, सील हबच्या कडेला समपातळीत येईपर्यंत. तिरकं जाऊन वाकलं तर फेका. एक्सलवर ओठ घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर खाच आहे, नवं सीलही गळणार. हब चढवताना दोघांनी सरळ धरा, भार सीलवर नको.

चाक फिरवत नट आवळा, जड झालं की पाव फेऱ्यापर्यंत सैल करून पिनचं भोक जुळवा.

ग्रीस साधं लिथियमचं, एमपी-३ चालतं. बेरिंगमध्ये तळहातानं दाबून भरा, हबची पोकळी निम्मी रिकामी ठेवा. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून महागडा डबा गळ्यात मारतील. सील उलटं असेल तर तो डबाही वाया. जुन्या सीलवरचा नंबर दाखवून बरोबर मापाचं सील घ्या, पैसे तिथे घाला.

माझा अनुभव असा, की पावसाळ्यात ओढ्यातून गेलेल्या ट्रॉलीचं सील बहुधा गेलेलंच असतं. रिमच्या आत काळा, ओलसर पट्टा दिसला तर नक्कीच.

पहिल्या खेपेला पाच-दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक हबला हात लावा. हात ठेववत नसेल तर कारखान्यापर्यंत रेटू नका, चाक तिथेच उतरवा.