मेलमध्ये मजकुराऐवजी गिचमिड आली तर

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मेंटेनन्सची आठवण दर महिन्याच्या १ तारखेला मेलने जाते. पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे, मीच लिहिलेली. एका १ तारखेला चहा व्हायच्या आत फोन सुरू झाले, "ताई, हे काय पाठवलंय? हॅक झालं का?" मेल उघडला तर वर 'माइम-व्हर्जन', 'कंटेंट-टाइप' अशा ओळी आणि खाली इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा गठ्ठा. मराठीचा मागमूस नाही. फक्त ४०४ वाल्या काकांचा मेल नीट पोचला होता. त्यांनी फोन केलाच नाही, त्यामुळे मला ते दुपारी जिन्यात कळलं.

असं झालं की आधी मेलचा कच्चा मजकूर बघा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांखाली 'शो ओरिजिनल' आहे. वरच्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी सोडा, 'सब्जेक्ट'पासून वाचत या आणि पहिली रिकामी ओळ शोधा. १९८२ च्या आरएफसी ८२२ (मेलची रचना ठरवणारा दस्तऐवज) पासून नियम हाच आहे: पहिल्या रिकाम्या ओळीला हेडर, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळी, संपतात, पुढचं सगळं मजकूर. माझ्याकडे ती ओळ 'सब्जेक्ट'च्या लगेच खाली होती. 'कंटेंट-टाइप' तिच्या खाली गेल्यावर मेल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कसं कळणार की खालचा गठ्ठा बेस६४ (मजकूर साध्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांत बदलायची पद्धत) आहे आणि तो उलगडायचा आहे?

ती ओळ आली कुठून? यादी सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाइल), शेवटचा रकाना फ्लॅट नंबरचा. ओळ वाचून स्वल्पविरामावर तोडली की शेवटच्या तुकड्याला 'न्यूलाइन', म्हणजे एंटरचं न दिसणारं चिन्ह, चिकटून राहते. तोच नंबर मी विषयात घातला आणि पुढे माझी स्वतःची न्यूलाइन जोडली. दोन मिळून एक रिकामी ओळ. काकांची ओळ फाइलमध्ये शेवटची, तिच्यापुढे एंटर मारलेलाच नव्हता, म्हणून ते वाचले.

पाठवायच्या आधी अख्खा मेल फाइलमध्ये लिहून लिनक्सवर 'कॅट -ए' (ए कॅपिटल) या कमांडने बघा. प्रत्येक ओळीच्या टोकाला डॉलरचं चिन्ह दिसतं. नुसता डॉलर असलेली ओळ म्हणजे रिकामी ओळ. मराठी अक्षरं तिथे भलतीच दिसतील, घाबरू नका.

इलाज दोन. रकाना वाचताच 'स्ट्रिप' लावा, म्हणजे टोकाची न्यूलाइन गळून पडते. आणि हेडर हाताने जोडणं बंद करून पायथनचा मेल तयार करणारा तयार क्लास 'ईमेलमेसेज' वापरा. विषयात न्यूलाइन दिसली की तो सरळ एरर देऊन थांबतो. हे बरंच आहे, कारण विषय लोकांनी भरलेल्या फॉर्मवरून येत असेल तर न्यूलाइन घुसवून कुणी स्वतःची 'बीसीसी' (गुपचूप प्रत पाठवायची) ओळही टाकू शकतो.

मजकूर ठीक पण विषयच बिघडलेला असेल तर तो आजार वेगळा. विषयातली मराठी एन्कोड करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत बदलून, तुकड्यांत पाठवायची असते आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. बेस६४ केल्यावर एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. हातानं तोडायला गेलात तर एखादं अक्षर मधोमध चिरतं. तेही काम 'ईमेलमेसेज'वर सोपवा.

चाचणीला निदान तीन ओळींची यादी घ्या आणि मेल स्वतःलाच पाठवा. मी एकाच ओळीवर तपासलं होतं, आणि त्या ओळीपुढेही एंटर नव्हता.