कॉलमच्या रिंगा नीट कशा बांधून घ्यायच्या

लोड आला की काँक्रीट बाजूला फुगायला बघतं आणि उभे बार (लोखंडी सळ्या) बाहेर वाकायला लागतात, रिंगा म्हणजे या बारांभोवती बांधलेल्या सळईच्या चौकटी, त्या हेच धरून ठेवतात, म्हणून कॉलम अचानक फुटत नाही. ३०० बाय ४५० एमएमचा कॉलम, १६ एमएमचे बार असतील तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे रिंगांतलं अंतर बारच्या १६ पट म्हणजे २५६ च्या आत, साईटवर सरळ २५० धरा. पण भूकंपाच्या हिशोबाने मधल्या भागात अंतर १५० च्या आत आणि वर-खाली दोन्ही टोकांना किमान ४५० एमएमपर्यंत ७५ एमएमच्या अंतरावरच बांधायच्या, आणि रिंगेच्या टोकाचा हूक १३५ डिग्रीत आत वळवलेला पाहिजे, फिटर लोक घाईत ९० वर सोडतात, तो जोराचा धक्का बसला की उघडतो!! स्लॅबच्या जॉइंटमधल्या रिंगा तर हमखास गायब असतात, त्यामुळे काँक्रीट ओतायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा.