साइट कुठल्या ब्राउझरमध्ये तपासायची? क्लायंटच्या आधी आपणच पकडलेलं बरं

पुण्यातला क्लायंट साइट तुमच्या लॅपटॉपवर बघतच नाही. स्वतःच्या फोनवर बघतो, मग बायकोच्या, मग मुलाच्या, आणि तिघांत जरा फरक दिसला की रात्री दहाला फोन. तिथं "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" चालत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ब्राउझर ढीगभर असले तरी आतली मोठी इंजिनं (कोड वाचून पान स्क्रीनवर उमटवणारा भाग) तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर (एज २०२० पासून), फायरफॉक्स गेकोवर, सफारी वेबकिटवर. आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच, ॲपलचा नियमच तसा आहे. त्यामुळे क्रोम, एज आणि ब्रेव्हमध्ये बघून "तीन ब्राउझरमध्ये टेस्ट केलं" म्हणणं म्हणजे एकाच पातेल्यातली आमटी तीन वाट्यांत घेऊन चव बघणं.

मी साइट बांधताना फायरफॉक्स उघडा ठेवते, त्याचा ग्रिड इन्स्पेक्टर (पानाच्या मांडणीच्या रेघा दाखवणारं साधन) मला अजूनही सगळ्यात आवडतो. क्रोममध्ये सहसा फार काही निघत नाही. खरा वेळ जातो सफारीत.

समजा सदाशिव पेठेतल्या मंगल कार्यालयाची साइट आहे, वर मोठा फोटो, खाली "तारीख बघा" बटण, सेक्शनची उंची १०० व्हीएच (100vh, म्हणजे स्क्रीनभर). आयफोनवर उघडली की बटण गायब! कारण ॲड्रेसबार आक्रसल्यावर जी उंची मिळते ती १०० व्हीएच धरली जाते, आणि पान उघडतं तेव्हा बार असतो पूर्ण, मग खालचा भाग स्क्रीनबाहेर (अँड्रॉइड क्रोममध्येही हेच होतं). उपाय सोपा, १०० व्हीएचची ओळ तशीच ठेवा आणि तिच्याखाली १०० एसव्हीएच (100svh, बार पूर्ण असतानाची उंची) लिहा, जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही, तो ती सोडून देतो. फॉर्मच्या इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली नको, नाहीतर टॅप केलं की आयफोन झूम करतो आणि माणूस भांबावतो. तारीख आणि वेळ यांच्यात नुसती स्पेस असलेली स्ट्रिंग (मजकूर) जावास्क्रिप्टमध्ये तारीख म्हणून दिली तर जुनी सफारी ती "इनव्हॅलिड डेट" म्हणून परत करते, मध्ये इंग्रजी टी (T) टाका.

मॅक नसेल तर लिनक्सवर ग्नोम वेब वापरा, तोही वेबकिटवर चालतो, किंवा विंडोजवर प्लेराइट या टेस्टिंगच्या साधनातलं वेबकिट. लेआउटचे घोळ त्यात बऱ्यापैकी दिसतात, पण ॲड्रेसबार आणि कीबोर्डच्या भानगडीला खरा आयफोनच लागतो, तो कोणाचा तरी मागून आणा.

आता मराठी मजकूर, ज्याकडे कोणी बघतच नाही. डिझाइनमध्ये इंग्रजी हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं, तेच "कार्यालय"ला लागलं की शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी सुटी दिसतात, देवनागरीला ते शून्यच ठेवा. लाइन-हाइट (ओळीची उंची) सढळ द्या आणि बटणाला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेला भाग लपवणारं सेटिंग) असेल तर "मूर्ती"सारखा शब्द टाकून बघा, वरचा रफार किंवा खालचा ऊकार कापला जातोय का. वेबफॉन्ट (साइटसोबतच उतरणारा फॉन्ट) दिला नसेल तर विंडोज निर्मला वापरतं, अँड्रॉइड नोटो, मॅक तिसराच काहीतरी, आणि ओळी वेगवेगळ्या ठिकाणी मोडतात. पानाच्या लँगमध्ये (lang, पानाची भाषा सांगणारी खूण) एमआर (mr, म्हणजे मराठी) लिहा, फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात.

सॅमसंगच्या ब्राउझरचा डार्क मोड एकदा लावून बघाच, पारदर्शक पार्श्वभूमीचा काळा लोगो त्यात दिसेनासा होतो.

इंटरनेट एक्सप्लोरर विसरा, २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनंच त्याला निरोप दिला.

आणि कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा, क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज यांची चालू आणि त्याआधीची आवृत्ती, बाकीचं वेगळ्या पैशात. क्लायंट घासाघीस करणारच, करू दे, पण ही ओळ खोडू देऊ नका.