शास्त्र (म्हणजे बायबल) आणि आजचं जगणं, यावर घरी बैठक कशी जमवायची

नागपूरच्या सदरमध्ये आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण बसतो, ख्रिस्ती शिकवण आणि आज आपण जसं जगून राहिलो त्यावर बोलायला. चार वर्षं होत आली. सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आहेत, दोघं कॅथलिक आहेत, एक जण पेंटेकॉस्टल मंडळीतला, एक बौद्ध मित्र, आणि बाजूच्या वहिनी ज्या हिंदू आहेत पण एकही बैठक चुकवत नाहीत. आता दुसऱ्या मंडळ्यांतले लोक विचारून राहिले की आम्हालाही असं करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी विषय, कारण आमची पहिली बैठक विषयामुळेच मोडली. मी विषय ठेवला होता "ख्रिस्ती श्रद्धा आणि आधुनिक संस्कृती". अर्ध्या तासात गाडी मोबाईलवरून मुलींच्या कपड्यांवर, तिथून बायकांनी उपदेश करावा का यावर, आणि एक वयस्कर काका म्हणाले की तुम्ही नवीन पोरांनी शास्त्र सोडून दिलं, मी पण तोंडातोंडी उत्तर दिलं, ते उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता गेले. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली तरी तीन महिने आले नाहीत. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की विषय इतका मोठा होता की प्रत्येकानं आपापला साठलेला राग त्यात ओतला.

तेव्हापासून आम्ही विषय नाही ठेवत, प्रश्न ठेवतो. आणि प्रश्न असा हवा की जो आपल्यातल्या कोणाच्या तरी घरी खरोखर उभा राहिलाय.

एक उदाहरण सविस्तर सांगते. गणपतीत आमच्यातल्या एका जोडप्याच्या घरी शेजारून प्रसादाच्या मोदकांची प्लेट आली. दार उघडलं सहा वर्षांच्या मुलीनं, ती प्लेट दोन्ही हातांनी धरून उभी, आणि विचारते की आई, खाऊ? आई म्हणाली फ्रिजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर तिनं ते मोदक टाकून दिले आणि संध्याकाळी मुलीला सांगितलं की खराब झाले होते. हे सांगताना तिला रडू आलं, म्हणाली मोदक टाकले त्याचं नाही, मी पोरीशी खोटं बोलले.

त्या महिन्यात आम्ही फक्त एवढंच घेतलं. नव्या करारातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०. दोन्ही पूर्ण वाचा, एक वचन उचलून नाही, कारण इथे पौल एका ओळीचं उत्तर देतच नाही. करिंथात देवळात वाहिलेलं मांस पुढे बाजारात विकायला यायचं, तेव्हा तिथल्या विश्वासणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. पौल आधी म्हणतो मूर्ती म्हणजे काहीच नाही आणि खाण्यानं आपण देवाच्या जवळही जात नाही नि दूरही जात नाही. मग म्हणतो पण तुझ्या खाण्यामुळे एखाद्या दुर्बळ भावाची विवेकबुद्धी दुखावत असेल तर थांब. दहाव्यात म्हणतो की प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर दोन्हीकडे भागी होता येत नाही, आणि त्याच अध्यायात पुढे म्हणतो की कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका, मात्र कोणी सांगितलंच की हे वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका.

वाचून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, आम्ही देतो ते प्रेमानं देतो हो, तुम्ही खाल्लं म्हणजे तुम्ही पूजा केली असं आमच्या कधी मनातही येत नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटला प्रश्न. पण कोपऱ्यात बसलेला एक भाऊ बोलला. त्याच्या आईच्या अंगात यायचं, लहानपणी तो रात्र रात्र भीतीनं जागा असायचा, त्याच्यासाठी प्रसादाची प्लेट म्हणजे ती रात्र. तो म्हणाला, मी नाही खाऊ शकत, आणि मला पौलाचा तो दुर्बळ भाऊ म्हणू नका, मी दुर्बळ नाही, मी तिथून आलोय. खोलीत कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी एकमत झालं नाही, पण त्या आईनं घरी जाऊन मुलीला खरं सांगितलं, आणि यंदा शेजारणीलाही सरळ सांगितलं की आमची अडचण अशी आहे. शेजारीण अजून डबा पाठवते, आता चकल्या पाठवते.

दुसरं म्हणजे शब्द. आपण मंडळीत लहानपणापासून जे शब्द ऐकतो ते बाहेरच्याला वेगळेच ऐकू येतात, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही अर्थ विचारला की आपण अडखळतो. "तारण" घ्या, आपल्यात त्याचा अर्थ पापातून सुटका. आमचा बौद्ध मित्र बँकेत आहे, त्याला तारण म्हटलं की घराचे कागद आठवतात, कर्जासाठी गहाण ठेवलेले. त्यानं विचारलं तुमच्यात कोण काय तारण ठेवतं? त्या एका प्रश्नावर दीड तास गेला, कारण खंडणी, किंमत देऊन सोडवणं, हे शास्त्रातच आहे, पण ती किंमत कोणाला दिली यावर मंडळीच्या सुरुवातीच्या शतकांपासून वाद आहे. तसंच "अवतार". लोक सहज म्हणतात येशू म्हणजे देवाचा अवतार, आणि समोरचा समजून घ्यायला म्हणतो त्यामुळे लगेच खोडून काढू नका, पण फरक सांगा. अवतार पुन्हा पुन्हा होतात. योहान म्हणतो शब्द देही झाला, ते एकदाच, आणि तो देह भुकेला झाला, थकला, मेला. सुरुवातीच्या काळात काही जण म्हणायचे की तो देह नुसता भासच होता, मंडळीनं ते नाकारलं. पुढे ३२५ मध्ये निकीयाला वाद झाला तो पुत्र निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, यावर. प्रत्येक बैठकीत एकच शब्द घ्या, दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

आपल्या भाषेत हे काम आधी झालेलं आहे हेही तरुणांना सांगा, त्यांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी गाणी आणि गिटार. कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या माणसानं नवा करार दिला, १८९५ ला बाप्तिस्मा झाला, त्याआधी काही काळ ते इथे नागपुरातच संस्कृतचं काम करत होते. आणि त्यांनी प्रभूवर लिहिलं ते अभंगात. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं.

बोलताना नियम एकच ठेवा, बाकीचे आपोआप येतात. ज्याचं पटत नाही त्याचं म्हणणं आधी तुम्ही सांगायचं, तो "हो, असंच" म्हणाला की मगच तुमचं. बाप्तिस्म्यावर आम्ही असं केलं. माझ्या मुलांचा लहानपणीच झालाय आणि पेंटेकॉस्टल भावाच्या मते कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवूनच घ्यायचा असतो. मला त्याचं म्हणणं सांगायला तीन खेपा लागल्या, दोनदा तो नाही म्हणाला. आणि यात नागपूरचं एक उदाहरण आपल्या पायाशी आहे. १९२९ ला लखनौत बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या इथे, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एकेचाळीस वर्षं! बाप्तिस्म्याचा वाद त्यांच्यातही होता, त्यांनी दोन्ही पद्धती ठेवल्या. आपण एका संध्याकाळी काय सोडवणार, म्हणून घाई नको.

जातीबद्दल मात्र फार जपून. हे दीक्षाभूमीचं गाव आहे, १४ ऑक्टोबर १९५६ इथे घराघरात जिवंत आहे, आणि बौद्ध मित्र विचारणारच की बाबासाहेबांनी तुमचा धर्म का नाही घेतला. तेव्हा बचाव करू नका. धर्म बदलूनही ख्रिस्ती लोकांत जात सुटली नाही हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि आपल्या लग्नांच्या बोलण्यात ते आजही दिसतं. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय, ख्रिस्तात सगळे एक म्हणणारा, वाचायचा असेल तर आधी हे कबूल करून मग वाचा. आणि १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंना आणि पंजाबकडच्या काही शीख जातींनाच होता, बाकी दलित शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला मिळाला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना अजून नाही, म्हणून कोणाच्या कागदावर धर्म-जात काय आहे हे बैठकीत कधीच विचारायचं नाही, गमतीतही नाही. कोणी स्वतः सांगितलं तर ते त्या खोलीतच राहिलं पाहिजे. फोटो काढून ग्रुपवर टाकणं आम्ही याच कारणानं बंद केलं.

बाकी बारीकसारीक. दहाच्या वर माणसं नको. पाळकसाहेबांना बोलवा पण शेवटी बोलायला सांगा, नाहीतर सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत बसतात. यूट्यूबवरचे प्रचारक, म्हणजे बी पेरा आणि दहापट घ्या म्हणणारे, त्यांच्यावर बोलायचं असेल तर दोन-तीन मिनिटांचा तुकडा सगळ्यांनी मिळून बघा आणि त्यानं वापरलेलं वचन मागचं-पुढचं धरून वाचा, माणसाला शिव्या देण्यात वेळ घालवू नका, कारण बसलेल्यांपैकी कोणीतरी आजारपणात तिथे पैसे दिलेले असतात. मे महिन्यात कुलरच्या आवाजात म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, तेव्हा गच्चीवर बसा. खायला तर्री पोहे करा पण बोलणं झाल्यावर. प्रार्थना शेवटी, ज्याला करायची त्यानं, बाकीचे शांत बसतात आणि कोणाला अवघड वाटत नाही.

पुढच्या महिन्यात प्रश्न आहे ओळखीतल्या एका मुलीचा, तिला हिंदू मुलाशी स्पेशल मॅरेज ॲक्टनं लग्न करायचंय, घरचे करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय दाखवून राहिले (विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जोडू नका) आणि ती पहिल्या पत्राचा सातवा (विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर सोडू नका). दोन्ही वाचू. ते काका पण येणार आहेत, आता ते नेहमी येतात. मुलीला आधीच विचारलं होतं की तुझ्याबद्दल बोललेलं चालेल का, तर ती म्हणाली चालेल, पण मग मी पण येऊन बसते.