किट विमानाचे भाग निवडताय? या चुका तरी करू नका

किट विमान म्हणजे सुटे भाग आणून घरी स्वतः जोडायचं विमान. त्या किटची खोकी घरात येऊन पडली की महिन्याभरात माणसाला डिझाइनरपेक्षा जास्त कळायला लागतं. मलाही लागलं होतं. ‘इंजिन जरा मोठं घेऊ का? प्रोपेलर भारीतला लावू का?’ असं कुणी ना कुणी सारखं विचारत असतं, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा ऑर्डर आधीच देऊन टाकलेली असते. मग विचारतोस कशाला, बाबा?

प्रोपेलरचीच गोष्ट घ्या. माझ्या एका मित्राच्या आराखड्यात साधा लाकडी प्रोपेलर होता, जेमतेम सहा-सात किलोचा. त्याला हवा होता धातूचा कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे उडताना पात्यांचा कोन आपोआप बदलून फेरे कायम ठेवणारा. टेकऑफला जोर आणि वर गेल्यावर वेग, दोन्ही मिळतं, हे खरंच आहे. पण प्रोपेलर दारात आल्यावर साहेबांना कळलं की आपल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा मुख्य दांडा, भरीव आहे. असा प्रोपेलर तेलाच्या दाबावर चालतो आणि ते तेल पोकळ क्रँकशाफ्टमधूनच पुढे जातं. झालं, इंजिन बदला.

ते बदललं. मग वजन केलं तर नाकावर १८ किलो जास्त, तेही गुरुत्वमध्याच्या १.६ मीटर पुढे. गुणाकार करा: २८.८ किलो-मीटर. विमान नाक खाली घालून बसलं. त्यावर उपाय म्हणून सात किलोची बॅटरी फायरवॉलवरून (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावरून) अडीच मीटर मागे नेली, त्याने १७.५ वसूल झाले. उरलेल्यासाठी शेपटीत, ३.८ मीटरवर, तीन किलो शिसं. हो, शिसं! विमानात! आता बॅटरी मागे आणि स्टार्टर पुढे, म्हणजे मध्ये लांबलचक केबल. ती पहिल्यांदा बारीक टाकली, त्यामुळे थंड सकाळी स्टार्टर नुसता कण्हायचा. मग जाड केबल, म्हणजे पुन्हा वजन. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शेवटी वीसेक किलो वाढले, आणि कमाल वजनाची मर्यादा होती तिथेच, म्हणून सोबत्याचं सामान घरी राहिलं.

अशा वेळी काही महाभाग कागदावरची कमाल वजनाची मर्यादाच वाढवून घेतात. कागदावर आकडा वाढवल्याने पंखातला स्पार, म्हणजे भार पेलणारी मुख्य तुळई, जाड होत नसतो.

माझी सवय सांगतो. पैसे देण्याआधी वहीत तीन आकडे लिहायचे: नव्या भागाचं वजन, काढायच्या भागाचं वजन आणि गुरुत्वमध्यापासूनचं अंतर. भाग हातात आला की कॅटलॉगवर विश्वास न ठेवता काट्यावर ठेवायचा. कॅटलॉगातलं वजन पुष्कळदा ब्रॅकेट, नळ्या आणि वायरी सोडून असतं.

मोठ्या इंजिनाचं वेड त्याच जातीचं. १५० ऐवजी १८० अश्वशक्ती लावली तर ताकद २० टक्के वाढते, वेग मात्र सपाट उड्डाणात फार तर ६ टक्के, कारण हवेचा विरोध सोडत नाही. त्यात कमाल वेगाची लाल रेघ जागची हलत नाही. फ्लटरचा, म्हणजे वेगात पंख-शेपटीचे भाग अनावर फडफडून तुटण्याचा, धोका बऱ्याच विमानांत खऱ्या हवाई वेगावर ठरतो, आणि १०,००० फुटांवर हा खरा वेग काट्यावर दिसणाऱ्या वेगापेक्षा साधारण १६ टक्के जास्त असतो. काटा निवांत दिसतो, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) मात्र निवांत नसतात. जास्त ताकद चढायला वापरा, खुशाल वापरा. पण डिझाइनरने दिलेल्या इंजिनांच्या यादीबाहेर जाऊ नका.

आता माझी स्वतःची लाज. इंधनाच्या नळीला फ्लेअर करायला, म्हणजे जोडासाठी तिचं तोंड फुलवायला, मी गाड्यांच्या कामाचं हत्यार उसनं आणलं. विमानाच्या एएन (विमानाच्या भागांचं अमेरिकी प्रमाण) जोडांचा कोन ३७ अंश आणि गाड्यांचा साधारणपणे ४५, हे तेव्हा माहीत नव्हतं. नट बसला, छान घट्टही वाटला. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा वास. मी आणखी आवळला, वास कमी झाला, मी खूश. तिसऱ्यांदा आवळल्यावर ॲल्युमिनियमची नळी फ्लेअरच्या मुळाशी तडकली. ते जमिनीवर झालं म्हणून आज हे लिहितोय. गळणारा जोड आवळत बसू नका. उघडा, नीट बघा, शंका आली तर नळी नवी करा. आणि फ्लेअरचं हत्यार स्वतःचं घ्या, त्यात काटकसर कसली?

बाकीचं थोडक्यात, कारण यावर वाद घालायचा मला कंटाळा आलाय.

हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट विमानात नको, त्याच्यावर मजबुतीचा कितीही मोठा आकडा कोरलेला असला तरी. एएन-३ म्हणजे ३/१६ इंच, एएन-४ म्हणजे पाव इंच. जाडीबरोबर बिनआट्यांच्या भागाची लांबीही बघा, भोकात कातरीचा, म्हणजे बोल्ट आडवा कापू पाहणारा, भार आट्यांवर येता कामा नये.

नायलॉनचे लॉकनट इंजिनाच्या गरम भागांजवळ नकोत, त्यांची मर्यादा १२१ अंश सेल्सिअस. तिथे पूर्ण धातूचे.

पत्र्याशी सपाट बसणाऱ्या डोक्याच्या एएन रिव्हेटचा काउंटरसिंक, म्हणजे डोकं बसायचा उतरता खळगा, १०० अंशांचा असतो. घरात पडलेला ८२ अंशांचा कटर घरातच पडू द्या.

स्क्रीन आणि रेडिओ सगळ्यात शेवटी घ्या. पहिल्या वर्षी घेतलेली स्क्रीन उड्डाणाच्या दिवशी जुनी झालेली असते आणि वॉरंटी केव्हाच संपलेली. इंजिनही तसंच. नुसतं पडून राहिलं की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) गंजतो. लवकर घ्यावंच लागलं तर आत प्रिझर्व्हेटिव्ह तेल आणि स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग हवेतच. आणि अधूनमधून हाताने प्रोपेलर फिरवून ‘तेल पोचवलं’ असं समाधान मानू नका. त्याने असलेलं तेलही पुसलं जातं.

रंगसुद्धा भाग म्हणूनच धरा. एलेरॉन आणि शेपटीवरचे एलिव्हेटर, रडर या हलत्या भागांचं संतुलन रंगानंतर तपासायचं असतं, कारण बिजागरीच्या मागे चढलेला प्रत्येक थर फ्लटरच्या बाजूला जातो. नंतर हौसेने एखादा पट्टा मारलात, तरी तो भाग काढून त्याचं संतुलन पुन्हा तपासा.