जुन्या माझदा एमएक्स-५ चे सस्पेन्शन : पहिला खर्च कशावर करावा

अमेरिकेत 'मियाता' या नावाने ओळखली जाणारी माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी १९८९ मध्ये बाजारात आली. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नसली, तरी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना आवाक्यात येणाऱ्या खऱ्याखुऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये तिचे नाव आजही अग्रक्रमाने घ्यावे लागते. प्रस्तुत मार्गदर्शन तिच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरते, म्हणजे १९८९ ते १९९७ आणि १९९८ ते २००५ या काळातल्या गाड्यांपुरते आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली असलेल्या दोन आर्मनी, म्हणजे धातूच्या भुजांनी, धरलेले), पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद, पुढच्या व मागच्या धुऱ्यांवर जवळजवळ समसमान भार आणि जेमतेम एक हजार किलोच्या घरातले वजन असा हा उत्तम पाया आहे. त्यामुळे पहिली सुधारणा म्हणजे हा पाया पूर्ववत करणे होय. हौशी मालक मात्र बहुधा स्वस्त कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरचा, संच आणून गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली बसवतात आणि मग ती खड्ड्यात आपटते, वळणात उडते, म्हणून हैराण होतात. तो खर्च सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रारंभ टायरपासून करावा, कारण सस्पेन्शनचे सारे काम अखेर टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शातूनच रस्त्यावर उतरते. या गाड्या वर्षाला फार कमी चालतात. त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. '२३१२' असे लिहिले असेल तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि नक्षी कितीही चांगली असली तरी तो बदललाच पाहिजे. पहिल्या पिढीच्या गाडीला १४ इंची चाकावर १८५/६० मापाचा टायर येत असे. याच मापात किंवा १५ इंची चाकावर १९५/५० मापात चांगल्या प्रतीचा उन्हाळी टायर घ्यावा. मात्र तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याची पकड झपाट्याने कमी होते, म्हणून थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी वेगळा संच ठेवणे इष्ट. पहिल्या पिढीला कंपनीने २६ पीएसआय इतकीच हवा सांगितली आहे. बहुतेक गॅरेजमध्ये सवयीने ३२ ते ३५ पर्यंत हवा भरून देतात आणि एवढ्या हलक्या गाडीत तेवढ्यानेच चाल खडबडीत होते. त्यामुळे एक रुपयाही खर्च करण्याआधी स्वतःच्या गेजने हवा तपासून घ्यावी.

टायरनंतर, पण अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) आधी, बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यांतले रबरी तुकडे, आणि बॉल जॉइंट, म्हणजे सर्व दिशांना फिरणारे गोळीचे सांधे, तपासावेत. पंचवीस-तीस वर्षांच्या रबरी बुशला चिरा पडलेल्या असतात आणि अशा बुशवर कितीही महागडा शॉक अॅब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) लावला तरी ब्रेक दाबताना चाकाचा कोन बदलतच राहतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीसाठी मी पॉलियुरेथेनपेक्षा नवे रबरी बुशच सुचवेन, कारण पॉलियुरेथेनला वेळोवेळी ग्रीस लागते आणि ते न मिळाल्यास बुश करकरू लागतात. नवे बुश बसवताना होणारी एक चूक मात्र सारी मेहनत वाया घालवते. या बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळ्यांना पक्के चिकटवलेले असते, त्यामुळे ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी जॅकवर असताना, चाके खाली लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर रबर त्याच अवस्थेत जखडते आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेल्या फडक्यासारखे ताणलेले राहते. काही महिन्यांतच ते फाटते. म्हणून बोल्ट आधी हाताने बसवावेत, मग गाडी चाकांवर उभी करून किंवा हबखाली (चाक ज्यावर बसते त्या भागाखाली) जॅक देऊन चाक त्याच्या नेहमीच्या उंचीला आणावे आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने, आवळावेत.

व्हील अलाइनमेंट हा माझ्या लेखी सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल आहे. या गाडीच्या खालच्या आर्मना एकूण आठ विकेंद्री (फिरवले की आर्म थोडा सरकवणारे) बोल्ट आहेत; त्यांच्यावर पुढे कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; उणे म्हणजे वरची कड आत) व कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) आणि मागे कॅम्बर व टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडा आत म्हणजे टो-इन, बाहेर म्हणजे टो-आउट) बदलता येतात, तर पुढचा टो स्टीअरिंगच्या टाय रॉडवर बसवला जातो. इतके स्वातंत्र्य साध्या गाड्यांत क्वचितच मिळते. पण बरीच गॅरेजे फक्त पुढचा टो पाहून गाडी परत देतात. म्हणून हवे असलेले आकडे लिहून न्यावेत आणि काम झाल्यावर छापील अहवाल मागून घ्यावा. रस्त्यासाठी पुढे सुमारे उणे १ अंश आणि मागे उणे दीड अंश कॅम्बर, दोन्ही बाजूंना सारखा साडेचार ते पाच अंश कॅस्टर, पुढे शून्य टो आणि मागे दोन्ही चाके मिळून दीडेक मिलिमीटर टो-इन, एवढ्यावर गाडी वळणात तत्परतेने शिरते आणि सरळ रस्त्यावर भटकत नाही. मागच्या चाकांना टो-आउट कधीही राहू देऊ नये. वळणात पाय अचानक अॅक्सिलरेटरवरून उचलला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याचा धोका त्यामुळे वाढतो. मापन करताना चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाएवढा भार ठेवावा, कारण हजार किलोच्या गाडीत सत्तर-ऐंशी किलो दुर्लक्ष करण्याजोगे नसतात. बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातल्या गाडीत हे विकेंद्री बोल्ट बुशच्या नळीत गंजून पक्के बसलेले असतात. अलाइनमेंटची वेळ घेण्याच्या आठवडाभर आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे आणि तरीही न हलल्यास ते कापून बुशसह बदलण्याची तयारी ठेवावी.

एवढे झाल्यावरच शॉक अॅब्सॉर्बरकडे वळावे. उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर न होता पुन्हा पुन्हा डोलत असेल किंवा शॉकच्या अंगावर तेल ओघळलेले दिसत असेल, तर त्याचे आयुष्य संपले आहे. बिल्स्टीन किंवा कोनी यांचे शॉक मूळ स्प्रिंगसह बसवले तरी गाडीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पिवळ्या कोनीमध्ये रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग पुन्हा उसळून उघडण्याचा वेग, वरच्या टोकाकडून कमी-जास्त करता येतो. तो सर्वांत मऊ ठेवून सुरुवात करावी आणि पाव-पाव फेरा वाढवत जावे. शॉक उघडले असतानाच बंप स्टॉप, म्हणजे दांड्यावरचा रबरी किंवा फोमचा ठोकळा, नवा घालावा. या गाड्यांत चाकाला वर जाण्यासाठी मुळातच कमी जागा आहे. गाडी खाली बसवली की वळणात शॉक या ठोकळ्यावर टेकतो आणि त्या चाकाचा ताठरपणा एकाएकी वाढतो. पुढे टेकला तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, मागे टेकला तर मागचा भाग सुटतो. पहिल्या पिढीच्या गाडीला दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट बसवले तर थोडी जास्त जागा मिळते. नव्या स्प्रिंग घ्यायच्याच असतील, तर गाडी अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नये.

अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे कमी करणारा आडवा दांडा, बदलायचा असेल तर पुढचा बदलावा आणि मागचा मूळचाच ठेवावा. मागचा बार जाड केला की वळणात आतल्या बाजूचे मागचे चाक हलके पडते, आणि ज्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसते फिरू न देणारी यंत्रणा) नाही, त्या गाडीत इंजिनाची ताकद त्या हलक्या चाकावर नुसती फिरून वाया जाते. बारच्या टोकांच्या लिंक लांबीत बदलता येणाऱ्या असतील, तर चालक आसनावर बसलेला असताना बारवर कोणताही ताण उरणार नाही अशा त्या जुळवाव्यात. चॅसिसखालच्या ब्रेसबद्दल (सांगाड्याला मजबुती देणाऱ्या आडव्या पट्ट्यांबद्दल) फार लिहिण्यासारखे नाही. १९९४ पासून कंपनीनेच काही ब्रेस वाढवले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत ते बसवणे योग्य ठरते.

एका वेळी एकच बदल करावा आणि ओळखीच्या त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहावी, नाहीतर कोणत्या खर्चाने काय साधले हे कळत नाही. काम झाल्यावर शे-दोनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी आहे. जर्मनीत स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर बदलल्यास त्यांची मान्यतेची कागदपत्रे लागतात आणि अनेकदा टीयूव्हीसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात, अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो. हाच क्रम महाराष्ट्रातल्या एखाद्या गाडीला लावू पाहणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे, कारण निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यावर त्यात निर्बंध आहेत. टायर, बुश आणि शॉक कंपनीच्या मापाचेच घेतले आणि अलाइनमेंट कंपनीने दिलेल्या मर्यादेत ठेवली, तर तो प्रश्न सहसा उद्भवत नाही.