अमेरिकेत शिकायला आलात आणि रूमवर मांजर पाळायचंय? आधी हे वाचा

दर ऑगस्टला नवीन पोरं हेच विचारतात की कॉलेजच्या हॉस्टेलवर कुत्रा-मांजर चालतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सर्व्हिस ॲनिमल आणि इमोशनल सपोर्ट ॲनिमल हे दोन वेगळे प्रकार आहेत, कायदेपण वेगळे. सर्व्हिस ॲनिमल म्हणजे अपंगत्वामुळे लागणारं ठराविक काम शिकवलेला कुत्रा, म्हणजे शुगर उतरली की मालकाला सावध करणारा वगैरे. तो एडीए म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली क्लासमध्ये, लायब्ररीत, मेसमध्ये सगळीकडे येतो. कॉलेजवाले फक्त दोन गोष्टी विचारू शकतात, अपंगत्वामुळे लागतो का आणि काय काम शिकवलंय, कागद मागता येत नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच जणांना कुत्र्याची भीती वाटते, पण तेवढ्यासाठी त्याला बाहेर काढा म्हणता येत नाही, आपली जागा बदलून मागा. आणि कौतुकाने हात लावायला जाऊ नका प्लीज, तो कामावर असतो, त्याचं लक्ष विचलित झालं तर त्रास त्याच्या मालकाला होतो.

इमोशनल सपोर्टवालं मांजर, म्हणजे कसलं काम न शिकवलेलं पण सोबतीने मनाला आधार देणारं, मात्र फक्त राहत्या जागेत चालतं, क्लासमध्ये नाही. हे फेअर हाउसिंग ॲक्ट, म्हणजे घर देताना भेदभाव करू नये या कायद्याखाली येतं, कॉलेजच्या हॉस्टेललाही तो लागू होतो असं २०१३ मध्ये नेब्रास्कातल्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं. मंजुरी मिळाली की पेट फी लागत नाही, पण कार्पेट फाडलं तर भरपाई तुमच्याकडूनच घेतात.

यासाठी कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसला अर्ज करायचा आणि तुमच्यावर उपचार करणाऱ्या थेरपिस्टचं किंवा डॉक्टरचं पत्र जोडायचं. ऑनलाइन पैसे भरून मिळणारं सर्टिफिकेट, जॅकेट, ओळखपत्र अजिबात घेऊ नका, कायद्यात त्याला काही किंमत नाही. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून सपोर्ट डॉगचं पत्र देण्याआधी किमान ३० दिवस तुम्ही त्या थेरपिस्टकडे जात असायला लागता.

एकटेपणाने झोप उडाली असेल, रडू येत असेल तर "घरच्यांना काय वाटेल" म्हणून अंगावर काढू नका, कॅम्पसच्या काउन्सेलिंग सेंटरला आजच जा, एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलात तरी हे हक्क तुम्हालाही आहेत.

घरचा कुत्रा भारतातून आणायचा विचार असेल तर नीट चौकशी करा. २०२१ पासून विमान कंपन्यांवर सपोर्ट ॲनिमल फुकट नेण्याची सक्ती नाही, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत आहे, त्यामुळे मायक्रोचिप, लसीचे कागद, वय किमान ६ महिने हे सगळं लागतं.

मंजुरी येईपर्यंत प्राणी रूमवर आणू नका, रूममेटला ॲलर्जी आहे का तेही विचारा. डिसेंबरात भारतात जाताना मांजर रूममेटच्या गळ्यात टाकून जाता येत नाही, त्याची सोय तिकीट काढायच्या आधीच बघा.